नालवाडी-दर्शन : खवय्या प्रवाशांसाठी आचारसंहिता

जनगणनेच्या दप्तरात नालवाडी हे शहर आहे, कारभारात ती ग्रामपंचायत आहे आणि ऑटोवाल्याच्या मते ती वर्ध्याच्या बाहेर आहे, म्हणून भाडं वेगळं. प्रवाशाने तिन्ही मतांचा आदर राखावा; निदान ऑटोत बसण्यापूर्वी तिसऱ्याचा तरी. १९३२ च्या डिसेंबरात विनोबा इथे राहायला आले तेव्हा नालवाडी वर्ध्यापासून दोन मैल दूर होती. तेवढ्या अंतरावर आता घरं आणि दुकानं आहेत. नागपूर रोडने जाताना वर्धा कुठे संपलं नि नालवाडी कुठे लागली, हे दुकानांच्या पाट्यांवरचा पत्ता वाचूनच कळतं.

'कुठे खावं आणि काय पाहावं' हा प्रवाशाचा सनातन प्रश्न. दुसऱ्या गावांत त्याचं उत्तर सोपं असतं: थोर माणसं जिथे बसून जे खाऊन गेली, तिथे बसून तेच खावं आणि वरून फोटो काढावा. नालवाडीच्या परिसरात पंचाईत अशी की इथली थोर माणसं काय न खाता राहिली हेच पाहायला जग येतं. गांधींच्या आश्रमाच्या एकादश व्रतांत सातवं व्रत 'अस्वाद' आहे. जेवावं, पण चवीसाठी जेवू नये. ज्या पाच-दहा मैलांत हे व्रत रोज संध्याकाळी प्रार्थनेत म्हटलं गेलं, त्याच पाच-दहा मैलांत सकाळी तर्रीच्या वासाने माणूस झोपेतून उठतो. हा तिढा न सोडवता दोन दिवस कसे काढावेत, याचं हे मार्गदर्शन.

पोचण्याची रीत

मुंबईकडून येणाऱ्याने वर्धा स्थानकावर उतरावं. दिल्ली किंवा चेन्नईकडून येणाऱ्यांना गाडी बहुधा सेवाग्राम स्थानकावर सोडते. सेवाग्राम स्थानकावर उतरलेल्या भाविकाला आपण आश्रमाच्या दारात उतरलो असं वाटतं. ते तसं नसतं. या स्थानकाचं पूर्वीचं नाव वर्धा पूर्व होतं आणि आश्रम तिथून अजून बराच लांब आहे. आश्रमाच्या गावाने तरी पत्त्यांचा घोळ कमी सोसलेला नाही. मूळ नाव सेगाव, आणि गांधींचं टपाल बिचारं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन यायचं. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदललं.

महिना निवडताना हयगय नको. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर फक्त प्रवासी आणि त्याची हौस असे दोघेच असतात. डिसेंबर-जानेवारी उत्तम. तरी मे-जूनमध्येच यायचं असेल तर लुई फिशर यांचं उदाहरण समोर ठेवावं. हे अमेरिकी पत्रकार १९४२ च्या जूनमध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहिले. उकाड्यावर त्यांनी उपाय शोधला तो असा, की पाण्याच्या टबात बसायचं आणि तिथूनच लिहायचं. आता कुलर असतात, पण विजेचा भरवसा धरून टबाचा विचार पूर्णपणे सोडू नये.

न्याहारी

पहिल्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खावेत आणि अस्वाद व्रताची पाटी त्यानंतर वाचावी. उलट क्रमाने गेल्यास व्रत आणि पोहे या दोघांचाही अपमान होतो.

ठेला कोणता, हे इथे सांगणार नाही. ज्या ठेल्यापाशी कॉलेजची पोरं, बँकेतले बाबू आणि ट्रकचा क्लीनर एकाच बाकावर दिसतील, तोच तुमचा. पोहे पिवळे, मऊ, वाफेवर ठेवलेले. शेजारच्या पातेल्यात चण्याची तर्री असते, जिच्यावर लाल तेलाचा थर स्थिर उभा असतो. पुण्या-मुंबईचा माणूस इथे एक ठराविक चूक करतो. तो विचारतो, "तिखट आहे का हो?" असं विचारू नये. ठेलेवाला खरं तेच सांगतो, "नाही न भाऊ, काहीच नाही," आणि ते त्याच्या जिभेपुरतं शंभर टक्के खरं असतं. त्याऐवजी "तर्री अलग द्या" म्हणावं. मग वाटी आपल्या हातात राहते आणि इभ्रतही.

तर्री संपली की ठेलेवाला न विचारता आणखी ओततो. त्याचे पैसे बहुधा लागत नाहीत. 'किती झाले' विचारून वर तर्रीचे वेगळे किती, असं विचारणाऱ्याकडे आजूबाजूचे लोक फार दयेने बघतात. पोह्यांनंतर आलूबोंडा घ्यावा. त्यावरही तीच तर्री येते, याचं आश्चर्य दाखवू नये.

प्रेक्षणीय स्थळे, अर्थात भूक कशी मारावी

पोट भरलं की त्याग पाहायला निघावं. भरल्या पोटी त्याग फार चांगला समजतो.

सुरुवात नालवाडीतूनच करावी, कारण आहाराच्या इतिहासात या गावाचा प्रयोग सर्वांत कडक आहे. विनोबांनी इथे ठरवलं की रोज सूत कातायचं आणि त्या सुताची बाजारात जी मजुरी मिळेल तेवढ्यातच जेवायचं. ज्या कत्तिणी दिवसभर कातून पोट भरतात त्यांचं कसं चालत असेल, ते अंगावर घेऊन पाहण्याचा हा मार्ग होता. कातणारीची मजुरी किती तुटपुंजी आहे, हे या प्रयोगाने आकड्यांत नव्हे, ताटात दिसलं. पुढे चरखा संघाने मजुरी वाढवण्याचा विचार गांभीर्याने घेतला तो याच सुमारास. १९३४ मध्ये इथेच ग्राम सेवा मंडळ निघालं. ते जवळच्या गोपुरीत आजही आहे. त्याच काळात मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं चर्मालयही नालवाडीत उभं राहिलं. ज्या कामाला हात लावायला गाव तयार नव्हतं, ते आश्रमातले शिकलेसवरलेले लोक करू लागले. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात हे सहसा येत नाही, कारण चर्मालयासमोर सेल्फी नीट येत नाही.

हौशी प्रवाशाने 'विनोबा थाळी' म्हणून हा प्रयोग एक दिवस करून पाहायला हरकत नाही. आठ तास टकळी किंवा चरखा चालवावा, सूत विकावं आणि मिळालेल्या पैशांत रात्रीचं जेवण घ्यावं. अट एकच: मोबाइलवरून पैसे मागवायचे नाहीत. ज्यांना सूत कातता येत नाही त्यांनी दुपारीच झोपून घ्यावं. खुद्द विनोबांवर या आहाराचा काय परिणाम झाला, त्याची नोंद आहे. १९३८ पर्यंत त्यांचं वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. नालवाडीच्या भोजनव्यवस्थेवर याहून प्रामाणिक अभिप्राय कुणाकडून मिळणार नाही.

गांधींनी त्यांना हवापालट करायला सांगितलं. लोक हवापालटासाठी महाबळेश्वर किंवा पचमढी गाठतात. विनोबा नागपूर रोडने काही मैल पुढे, धाम नदीच्या पलीकडे पवनारला गेले आणि प्रकृती सुधारावी म्हणून तिथे शेतात खोदकाम करू लागले. वजन वाढलं. डॉक्टरांनी हा उपचार अजून का स्वीकारला नाही, कळत नाही. त्याच पवनारच्या मातीत खोदताना भरत-राम भेटीची मूर्ती निघाली. ती आश्रमात आहे. ती जरूर पाहावी. १९५९ पासून तिथे भगिनींचं ब्रह्मविद्या मंदिर आहे. १९८२ मध्ये विनोबांनी देह ठेवला तोही तिथेच. तिथे आवाज खाली आणि चपला बाहेर. "इथे खायला काय मिळतं?" हा प्रश्न पवनारच्या हद्दीत विचारू नये, धामच्या पुलावर येईपर्यंत गिळून टाकावा.

गोपुरीजवळ गीताई मंदिर आहे, त्याचं उद्घाटन १९८० चं. मूर्ती नाही, छप्पर नाही. गीताईचे अठरा अध्याय कोरलेल्या शिळा उभ्या आहेत आणि त्या शिळांची मांडणी चरखा व गाय अशा आकारांत आहे. आकार वरून बघितल्यावर दिसतो. सर्वसाधारण प्रवासी जमिनीवर असल्याने तो एक शिळा दोनदा वाचतो आणि घाम पुसतो. शेजारचा विश्वशांती स्तूप पांढराशुभ्र आहे. त्याच्या पायऱ्यांवर उन्हाळ्यात अनवाणी उभं राहिल्यास विश्वशांतीचा विचार टिकत नाही.

दुपारचं जेवण

दुपारी सेवाग्राम. आश्रमाच्या समोर प्राकृतिक आहाराचं केंद्र आहे. भाकरी, पिठलं, भाजी, ताक असं साधं अन्न शांतपणे खाता येतं. इथे बसून गांधींच्या काळचं जेवण कसं होतं ते मनात आणावं: उकडलेल्या भाज्या, कडुनिंबाची चटणी, लसूण. फिशर यांनी पहिले काही दिवस मुकाट्याने खाल्लं आणि मग उकडलेली भाजी बाजूला सारली. गांधींनी पाहिलं, विचारलं आणि मीठ-लिंबू घालून बघा असं सुचवलं. मूळ चव मारायलाच सांगताय ना, असं फिशर म्हणाले, त्यावर गांधी हसले. या भागातलं पहिलं छापील खाद्य-परीक्षण ते हेच समजावं. एवढ्या मोकळेपणाने नंतर कुणी लिहिलेलं आढळत नाही.

त्याआधी वर्ध्यातल्या मगनवाडीत गांधींनी १९३५ मध्ये सोयाबीनचा प्रयोग केला. स्वस्त आणि पौष्टिक म्हणून आश्रमवासीयांच्या ताटात ते आलं आणि अनेकांच्या पोटाने त्याला विरोध केला. आज वर्धा जिल्ह्यात कापसाच्या बरोबरीने सोयाबीनचीच शेतं दिसतात, पण ते ताटात कुणी घेत नाही. ते बाजार समितीत जातं आणि भावाने शेतकऱ्याचं पोट दुखवतं. मगनवाडीला जायचंच असेल तर तिथलं मगन संग्रहालय पाहा. १९३८ मध्ये गांधींनी ते उघडलं. ग्रामोद्योगवाल्या कुमारप्पांनी हातसडीच्या तांदळाची आणि घाणीच्या तेलाची बाजू जिथे मांडली, तिथे आता शहरी मंडळी तेच तांदूळ कौतुकाने विकत घेतात.

सेवाग्राम आश्रमातल्या बापूकुटीत साप पकडण्याचा चिमटा आणि पेटी मांडून ठेवलेली आहे. साप मारायचा नाही, दूर नेऊन सोडायचा. मुलांना हे दाखवावं. मुलं बाकी सगळं विसरतात, पण चिमटा लक्षात ठेवतात.

विकत न मिळणारं जेवण

आता मूळ विषय. वर्ध्याकडचं खरं जेवण हॉटेलात नाही. सांबारवडी (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, ताटात डाळ शोधू नये), गोळाभात, पाटवडी-रस्सा हे कुठे कुठे विकत मिळतं. पण गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले पानगे, त्यांच्यासोबत झणझणीत वांग्याची भाजी, आणि पंगतीतली कोहळ्याची भाजी, यांसाठी आमंत्रण लागतं. ते मिळवण्याची रीत पुढीलप्रमाणे.

एखाद्या ओळखीच्या घरी सकाळी अकराच्या सुमारास, 'सहज' जावं. बरोबर अकरा. साडेदहाला चहावर बोळवण होते, साडेबाराला तुम्ही जेवायलाच आलात हे उघड होतं. चहा आला की निघण्याची हालचाल करावी. घरातल्या आजीबाई म्हणतील, "असे कसे जाता बाप्पा, दोन घास खाऊन जा न." इथे पहिल्यांदा नाही म्हणावं. दुसऱ्यांदा "कशाला त्रास" म्हणावं. तिसऱ्यांदा गप्प बसावं. चौथ्यांदा कुणी विचारत नाही, ताट वाढलेलंच असतं. पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्याला लोक बाहेरचा समजतात. तिन्ही वेळा नाही म्हणून खरंच निघून गेलेल्याची आठवण पिढ्यान्पिढ्या काढली जाते, आणि ती चांगल्या अर्थाने नव्हे.

पंगतीत वाढणाऱ्याला हात आडवा करून थांबवता येईल असं समजू नये. तो हाताच्या वरून वाढतो. "बस, बस" हे शब्द वाढपी प्रोत्साहन म्हणून घेतो. उपाय एकच: सुरुवातीला अर्धं पोट रिकामं ठेवावं आणि ते शेवटपर्यंत कुणाला कळू देऊ नये. त्यागाचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत अवघड रूप हेच आहे, आणि त्यावर कुठे स्मारक नाही.

पेयपान

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. इथे दारू मिळत नाही. म्हणजे कायद्याने मिळत नाही. याहून अधिक माहिती या मार्गदर्शिकेत नाही. ऑटोवाल्याने आपणहून दिल्यास ऐकून घ्यावी आणि ताक मागवावं. ताक सर्वत्र आहे, उसाचा रस आहे, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ९६ वं साहित्य संमेलन वर्ध्यात झालं, तेव्हा महाराष्ट्रभरचे साहित्यिक तीन दिवस या जिल्ह्यात राहिले. त्यांचं कसं निभावलं, हा मराठी साहित्याच्या इतिहासात अजून न लिहिला गेलेला अध्याय आहे.

निघताना

वायगावची हळद घ्यावी. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खादी घ्यावी, पण इस्त्रीची आशा न धरता.

आणि गोरसपाक. गोरस भांडारातला हा गायीच्या तुपातला, बिस्किटासारखा खुसखुशीत पदार्थ म्हणजे वर्ध्याची सगळ्यांत मोठी तडजोड आहे. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या शेवटी गोपुरीत झोपडीत राहून गोसेवेचं काम हाती घेतलं, ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. त्या गोसेवेच्या परंपरेतून आलेला पदार्थ इतका चविष्ट निघावा, यावर सातव्या व्रताचं काय म्हणणं असेल ते कुणी विचारत नाही. तूप गायीचं आहे, हेतू शुद्ध आहे. चव लागली तर तो खाणाऱ्याचा दोष.

घरच्यांसाठी घ्यायचा असेल तर डबे दोन घ्यावेत. एक बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या खाली, कुलपात. दुसरा हाताशी. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत हाताशी असलेला डबा पुलगाव यायच्या आत संपतो, समोरच्या बाकावरच्या काकांनी "वर्ध्याचा का?" असं विचारल्यावर तर त्याच्याही आधी. बॅगेची किल्ली बायकोकडे किंवा नवऱ्याकडे, ज्याला तर्री सोसली नव्हती त्याच्याकडे, देऊन ठेवावी.