बाह्या वर, हाताची घडी

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत परवा मारामारी होता होता राहिली, ती कफाच्या बटणामुळे.

दुसऱ्या मजल्यावरचं पाणी पहिल्या मजल्याच्या भिंतीत मुरतंय, या एका विषयावर दीड तास घालवल्यावर पहिल्या मजल्यावरचे काका उठले. अंगात आकाशी रंगाचा फुल शर्ट, कडक इस्त्रीचा. ‘आता बघतोच,’ म्हणाले आणि त्यांनी डावी बाही वर करायला घेतली. बटण काढलं, कफ उलटा केला, कडेला कड जुळवून एक घडी, दुसरी, तिसरी. पोस्टात चाळीस वर्षं काढलेला माणूस, घडी वाकडी जाणं शक्यच नव्हतं. सभा श्वास रोखून बघत होती. बाही कोपराखाली दोन बोटांवर येऊन थांबली आणि काका उजवीकडे वळले.

इथे गाडं अडलं. उजव्या कफाचं बटण डाव्या हातानं काढायचं असतं आणि डाव्या हाताला आयुष्यभर कुणी काही शिकवलेलं नसतं. त्यात काज नवं. काकांनी दात लावून पाहिले; दात स्वतःचे नसल्यामुळे तो बेत सोडला. शेवटी समोर कोण उभं आहे याचा विचार न करता त्यांनी मनगट पुढे केलं, ‘हे जरा काढता का हो?’

दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते बटण काढू लागले. ‘काज आवळ आहे,’ ते म्हणाले. ‘शिवून घेतलाय की रेडिमेड?’

यानंतर कुणी कुणाला मारणं बरं दिसलं नसतं. खजिनदारांनी तेवढ्यात समोसे मागवले.

घोळ सगळा भाषेचा आहे. आपल्याकडे बाह्या ‘सरसावतात’. पैरण, सदरा, नेहरू शर्ट यांची बाही सैल. एका फटक्यात कोपरावर जाते आणि दोन सेकंदांत माणूस भांडायला तयार. मग साहेबी शर्ट आला. मनगटाला कफ आला, कफात बकरम आलं, काज आलं, बटण आलं, आणि आता तर कफाच्या वर बाहीच्या चिरेवर आणखी एक बारकं बटण येतं, जे फक्त धोब्याकडे तुटण्यासाठी लावलेलं असतं. म्हणजे एका हाताला दोन आणि दोन्ही हातांना चार बटणं सोडवल्याशिवाय मराठी माणसाला संताप येऊ शकत नाही. वाक्प्रचार मात्र आपण तोच ठेवला. ‘अस्तनीतला निखारा’ही असाच अडचणीत आहे. तीन घड्या घातलेल्या अस्तनीत निखारा ठेवणार कुठे?

आमच्या गल्लीतले टेलर या विषयाकडे निव्वळ हिशोबाने बघतात. छत्तीस पन्ह्याचं कापड असेल तर हाफ शर्टाला साधारण दोन मीटर आणि फुलला सव्वादोन. ‘पाव मीटर जादा घ्यायचं, त्याची शिलाई द्यायची, आणि मग ते गुंडाळून कोपरावर ठेवायचं,’ ते सुई दातात धरून म्हणाले. ‘आमचं काय जातंय?’ रेडिमेडवाल्यांनी तर गिऱ्हाइकाचा तेवढाही त्रास वाचवला आहे. बाहीच्या आतून एक पट्टी शिवलेली येते, बाहेर एक बटण. बाही वर करायची आणि पट्टी अडकवायची, की दिवसभर खाली यायची नाही. परवा दुकानातला पोरगा मला कफाची आतली बाजू उलटून दाखवत होता. तिथे बारीक फुलांची नक्षी होती. ‘फोल्ड केल्यावरच दिसते, सर,’ तो म्हणाला. पूर्वी बाही वर केल्यावर हात दिसायचा.

त्याच पोराकडून घडीचे दोन प्रकारही कळले. एक आपला बाबूछाप: कफाच्या रुंदीएवढ्या घड्या घालत जायच्या, शेवटी दंडाला पावाची लादी बांधल्यासारखं दिसतं. दुसरा म्हणे इटालियन. कफ न दुमडता एकदम कोपराच्या वर ओढायचा, मग खालचं लोंबतं कापड एकाच घडीत वर घ्यायचं आणि कफाची कड जराशी बाहेर डोकावू द्यायची. घडी घातली आहे हे दिसावं, पण कष्ट घेतलेले दिसू नयेत. मी घरी आरशासमोर करून पाहिलं. डावी बाही इटलीत पोचली, उजवी अर्ध्या वाटेत अडकली.

या कष्टांचं चीज होतं ते फोटोत. आमच्या चौकात एका भावी नगरसेवकाचा फ्लेक्स लागलाय. पांढरा शर्ट, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, म्हणजे कामाला तयार. आणि दोन्ही हात छातीवर बांधलेले, म्हणजे काम करणार नाही. लिंक्डइनवर जा, तिथेही अर्धे साहेब याच अवस्थेत उभे असतात. आम्हाला शाळेत बाई सांगायच्या, हाताची घडी, तोंडावर बोट. फोटोग्राफरनं त्या उमेदवाराला तोंडावर बोटही ठेवायला सांगितलं असतं, तर पुढच्या पाच वर्षांचा जाहीरनामा त्या एका फ्लेक्सवर मावला असता.

मोठ्या माणसांचा अनुभव या बाबतीत संमिश्र आहे. २००८ साली बराक ओबामांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून प्रचारसभा घेतल्या आणि व्हाइट हाउस गाठलं. २०१२ साली उत्तर प्रदेशच्या प्रचारात राहुल गांधी भाषण करता करता कुर्त्याच्या बाह्या वर घेत होते. काँग्रेसला ४०३ पैकी २८ जागा मिळाल्या. आता कुर्त्याची बाही एकदा वर घेऊन भागत नाही, ती पुन्हा खाली येते, हे आपल्याकडे कुठल्याही लग्नात वाढप्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. नरेंद्र मोदींनी हा प्रश्न कात्रीनं सोडवला. लांब बाह्या धुवायला लागतात आणि सामानात जागा खातात म्हणून आपण त्या कापून टाकल्या, असं त्यांनीच सांगितलं आहे. ही युक्ती बिनतोड आहे. अर्ध्या बाहीचा माणूस बाह्या सरसावत नाही. तो कायमचा सरसावलेलाच असतो.

जगातल्या सर्वात बलाढ्य लष्करालाही हा पेच सुटलेला नाही. अमेरिकेच्या मरीन सैनिकांना २०११ च्या ऑक्टोबरात हुकूम सुटला, की गणवेशाच्या बाह्या आता खालीच ठेवायच्या. सैनिक नाराज झाले. इतकी मेहनत करून कमावलेले दंड झाकून ठेवायचे म्हणजे काय! २०१४ च्या फेब्रुवारीत वरिष्ठांनी माघार घेतली आणि बाह्या पुन्हा वर गेल्या. शत्रूसमोर मागे न हटणारी फौज बाहीसमोर हटली.

मनगटाच्या कापडाचं खरंखुरं वावडं डॉक्टरांना असायला हवं, आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं तसं ते धरलं. कोपराखाली काही नको, ना बाही, ना घड्याळ, असा नियम तिथे २००७ साली जाहीर झाला. एका रोग्याच्या अंथरुणावर टेकलेला कफ दुसऱ्याच्या अंथरुणावर टेकू नये आणि हात मनगटासकट नीट धुता यावेत, म्हणून. बाही वर करण्याचं एवढं साधं, पटेल असं कारण मी दुसरं ऐकलं नाही. आमच्याकडे ते कुठल्याही फ्लेक्सवर चालणार नाही.

उलट जिथे हात खरोखर धोक्यात असतात तिथे ही घडी कुणी घालतच नाही. लेथवर, पट्ट्याजवळ, फिरत्या शाफ्टपाशी दुमडलेली सैल बाही म्हणजे यंत्राला दिलेलं आमंत्रण. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळ काम करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकानं पुरवावेत असं लिहिलं होतं. कायदा करणाऱ्यांनी बाह्यांच्या घडीबद्दल एक शब्दही खर्च केला नाही. त्यांच्यासमोर बहुधा कॅमेरा नसावा.

तर सोसायटीकडे परत येऊ. सभेनं समोशांसोबत एकमतानं ठराव केला की प्लंबरला बोलवावं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो चक्क फुल शर्टात, दोन्ही कफांची बटणं लावून. संध्याकाळी मेहुणीचा साखरपुडा होता. पाहायला पहिला मजला, दुसरा मजला आणि कमिटी, अशी मिळून नऊ माणसं जमली होती. काकांच्या बाह्या आजही वर होत्या. काल उतरवायला जमलं नव्हतं की आज पुन्हा चढवल्या, ते विचारायचं राहिलं.

प्लंबर बेसिनखाली वाकला तसे काका म्हणाले, ‘अरे, बाह्या वर घे, भिजतील.’

‘कशाला?’ तो आतून म्हणाला. ‘वॉशर गेलाय.’

चार मिनिटांत तो बाहेर आला. शर्ट कोरडा. जुना वॉशर त्यानं खजिनदारांच्या हातावर ठेवला, त्यांनी तो पुराव्यादाखल खिशात टाकला. काका दाराशी उभे राहून बाह्या खाली घेत होते. डाव्या हाताची पंचाईत पुन्हा तीच. प्लंबरनं पिशवी काखेत मारली, ओले हात पँटला पुसले आणि जाता जाता त्यांच्या उजव्या कफाचं बटण लावून दिलं.