शाल, श्रीफळ अन् चहा

अमरावती असो की अकोला, कचेरीत साहेबांचा मूड ओळखायचा तर दारापाशी स्टुलावर बसलेल्या शिपाईभाऊंचा चेहरा पाहावा. भाऊंनी तंबाखू मळता मळता ‘आज नोको, उद्या या’ म्हटलं की माणसानं मुकाट्यानं मूर्तिजापूरची बस धरावी. कोणता जुना फेरफार कोणत्या लाल फडक्यात बांधलाय, हे संगणकाला ठाऊक नाही, भाऊंना आहे.

सरकारनं त्यांना आधी चतुर्थ श्रेणी म्हटलं, मग गट ड म्हटलं. भाऊंनी मनाला लावून घेतलं नाही, कारण हुकमाचं पान त्यांच्याच हाती आहे. राज्य सेवेतल्या साहेबांना 58व्या वर्षी निरोप मिळतो, गट डला 60व्या. ‘‘सायेब जाते, स्टूल राह्यते!’’

1 ऑगस्ट हा महसूल दिन. 31 जुलैला महसुली वर्ष संपतं, दुसऱ्या दिवशी नवं लागतं आणि त्याच मुहूर्तावर गुणी कर्मचाऱ्यांचा सत्कार होतो. (2023 मध्ये तो आठवडाभर साजरा केला, सतरंज्या उचलणाराला विचारून ठरवलं नसावं.) त्यात लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी अन् अण्णाभाऊ साठेंची जयंतीही त्याच दिवशी. म्हणजे दोन फोटो पुसा, दोन हार आणा, खुर्च्या मांडा, माईकमध्ये ‘हॅलो, हॅलो’ करा.

यंदा सत्काराच्या यादीत भाऊंचंच नाव होतं. तरी स्वतःची शाल त्यांनी स्वतःच आणली, पावती जपून ठेवली आणि नारळ कानापाशी नेऊन हलवला. ‘‘पानी नसन तं वापस नेतो, सांगून ठेवतो!’’ दुकानदारानं नारळ बदलून दिला.

साहेब म्हणाले, ‘‘भाऊ या कार्यालयाचा कणा आहेत.’’ टाळ्या पडल्या. कणा पहिल्यांदाच गादीच्या खुर्चीत ताठ बसला होता. फोटोग्राफर म्हणाला, ‘‘भाऊ, जराशेक सरका, साहेब झाकले जाऊन राह्यले.’’ आणि साहेब खाली बसता बसता, निव्वळ सवयीनं बोलून गेले, ‘‘भाऊ, चहाचं बघा.’’

खांद्यावरची शाल न काढता भाऊ उठले. गिला वडा सगळ्यांना सारखा मिळाला. चहा मात्र ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे. साहेबांना आलं घातलेला, नायब साहेबांना सायीसकट. आस्थापनेच्या बाबूंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

‘‘भाऊ, साखर नाही काय?’’

‘‘हाये नं बाप्पा. तुमच्याच टेबलावर पडेल हाये. माह्या जीपीएफच्या बिलाखाली पाहा.’’