कागदी घोडे

ट्यून केलेल्या गाडीची जादा ताकद सगळ्यात जास्त कुठे वापरली जाते, याचं उत्तर रस्त्यावर शोधू नये. ती बोलण्यात वापरली जाते. लग्नाच्या हॉलबाहेर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसखालच्या टपरीवर, "स्टॉक एकशेपाच होती, आता एकशेपस्तीस आहे" हे वाक्य कधी टाकायचं ते आमच्या जमातीला बरोबर कळतं. विषय कांद्याच्या भावाचा चालला असला तरी कळतं. समोरच्याने "एकशेपस्तीस काय?" असं विचारलं की आम्हाला त्याची कीव येते, आणि काहीच विचारलं नाही तर राग येतो. 'आम्हाला' म्हणतो, कारण मीही त्यातलाच. तेव्हा पुढचा मजकूर ही परक्याची टीका समजू नये, घरच्या माणसाची साक्ष समजावी. माझं म्हणणं असं, की इंजिनातून जादा घोडे काढता येतात, पुष्कळदा सहज काढता येतात. पण त्यांना रस्त्यावर काम नसतं आणि त्यांच्या चंदीपाण्याची सोय कोणी केलेली नसते.

आधी हिशोब. आपल्या चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय घ्या. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीच्या कागदावर १०५ पीएस. लॅपटॉप जोडून ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला, मॅप बदलला, टर्बोचा दाब थोडा चढवला, ठिणगी किंचित आधी पाडली, की तेच इंजिन १३०-१३५ च्या घरात जातं. यात खोटं काही नाही. पण सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वेगाने एवढी गाडी पुढे ढकलायला, हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण धरून, लागतात वीसेक घोडे. म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कायदा पाळून निघालेल्या मूळच्या पोलोतही पंच्याऐंशी घोडे तबेल्यात बसून असतात. रीमॅपनंतर एकशेपंधरा बसून असतात. पुणे शहरात तर विचारूच नका. टॉमटॉमच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी तेहतीस मिनिटं लागत होती, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. या वेगाला दोन-तीन घोड्यांवर भागतं. बरं, कमाल वेग तरी किती वाढावा? हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. त्यामुळे ताकद २९ टक्क्यांनी वाढवली तरी वेग जेमतेम नऊ टक्क्यांनी वाढतो, १९० चे २०६ होतात. आणि राज्यातली सगळ्यात उदार वेगमर्यादा समृद्धी महामार्गावरची, १२०. मूळ गाडीच ती मर्यादा हसत मोडू शकत होती. आपण पैसे भरले ते तोच गुन्हा अधिक दिमाखात करण्यासाठी.

हे सगळं ठाऊक असूनही आम्ही ताकद मोजायला डायनोवर जातो. गाडी रोलरवर चढवून पट्ट्यांनी आवळून बांधलेली असते, बंपरसमोर ढणढणणारा मोठा पंखा, काचेपलीकडे स्क्रीन. चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरतात, गाडी जागच्या जागी सहा-साडेसहा हजारांपर्यंत किंचाळते, आणि स्क्रीनवर दोन रेघा डोंगर चढतात. मग कागद छापून मिळतो. या कागदाला लॅमिनेशन करणारी माणसं आहेत, आणि त्यांना हसायचा मला अधिकार नाही. पण कागदाचं अंतरंग नीट पाहावं. रोलरला कळतं ते चाकावर पोचलेलं बळ. इंजिनाचा आकडा हवा असेल तर गिअरबॉक्समध्ये वाटेत मेलेले घोडे अंदाजाने परत जमा करावे लागतात. कोणी पंधरा टक्के धरतं, कोणी वीस. त्यावर तापमान आणि हवेचा दाब यांची दुरुस्ती, कारण गरम हवा विरळ असते आणि डिसेंबरच्या सकाळची गाडी मेच्या दुपारी तीच राहत नाही. टायरमधली हवा, पट्ट्यांचा ताण, सगळ्याने आकडा हलतो. एवढ्या गृहीतकांवर उभा असलेला आकडा आम्ही दशांश चिन्हासकट पाठ म्हणतो.

आता घोड्यांचा विषय निघालाच आहे तर मला थोडं मोकाट सोडा. जेम्स वॉटने आपली वाफेची इंजिनं खपवायला अश्वशक्तीचं माप बसवलं, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. एवढं काम दिवसभर करणं सामान्य घोड्याच्या आवाक्याबाहेरचं. उलट काही सेकंदांपुरता जोर लावायचा तर एकटा धिप्पाड घोडा पंधराएक अश्वशक्तीपर्यंत जातो, असा हिशोब १९९३ साली 'नेचर'मध्ये छापून आला होता. म्हणजे घोड्याच्या बाबतीतही सगळं तुम्ही डायनोवर किती सेकंद धरता त्यावर आहे. जपानी मंडळी याच्या उलट्या टोकाला गेली. १९८९ पासून २००४ पर्यंत तिथल्या कंपन्यांनी आपसात समजूत करून कुठल्याही गाडीचा आकडा २८० पीएसच्या वर जाहीर केला नाही. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर प्रत्यक्षात अधिक ताकदीची असूनही कागदावर निमूटपणे २८० लिहून बसली. मराठी माणसाला हा संयम समजणं कठीण. आम्ही १२८ आले तर 'एकशेतीसच्या आसपास' म्हणतो, आणि आसपास नेहमी वरच्या बाजूला असतं. तरी घोडदळाचा खरा हिशोब आमच्याच इतिहासात आहे. शिवाजी महाराजांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. म्हणजे कंपनीची गाडी आणि स्वतःच्या पैशाने मॉडिफाय केलेली गाडी हा भेद साडेतीनशे वर्षं जुना आहे, आणि शिलेदार चहाच्या वेळी काय बोलत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. पण व्यवस्था अशी, की पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. घोडे वाढले की पायांची आणि पाण्याची सोय त्याच हिशोबाने वाढलीच पाहिजे. सुलतानी आणि मुघली अमलात आणखी एक बंदोबस्त होता. हजेरीला चांगला घोडा दाखवून मोहिमेवर मरतुकडं तट्टू न्यायची चलाखी बंद व्हावी म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग द्यायला आणि स्वारांची हुलिया लिहून ठेवायला लावलं. अकबराने ती पद्धत पुन्हा जारी केली. आजच्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हा तोच डाग. नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं, आणि शिक्षा आहे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फरक इतकाच की तेव्हाचे स्वार हजेरीला ताकद फुगवून दाखवत, आणि आम्ही आरटीओसमोर एकदम गरीब होतो.

असो. यावर जमातीचं ठरलेलं उत्तर असं, की कंपनीनेच इंजिन दाबून ठेवलेलं असतं, आम्ही फक्त मोकळं करतो. पुरावाही देतात: फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल स्विफ्टमध्ये ७५ पीएसचं होतं, एर्टिगात ९० चं. पुरावा खरा आहे, पण अर्धा. ९० पीएसच्या त्या इंजिनाला व्हेरिएबल जॉमेट्रीचा वेगळा टर्बो होता. नुसता मॅप बदलून कंपनीने ते पंधरा घोडे दिले नव्हते. शिवाय दाबून ठेवलेलं म्हणजे वाया गेलेलं, हे कुठून आलं? बारा पानांच्या पंगतीला पंधरांचा भात टाकतात तो ऐनवेळी येणाऱ्यांसाठी असतो, त्यावर आधीच ताव मारायचा नसतो. आणि आपल्याकडे ऐनवेळी येणारे पुष्कळ: सोलापूरचा मे महिना, आडगावच्या पंपावरचं पेट्रोल, 'पुढच्या महिन्यात करू' म्हणून राहिलेलं ऑइल, सहा माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. त्याच पोलोचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा जोर सोसायला बनवला आहे, आणि कंपनी इंजिनातून देत होती १७५. रीमॅपवाला ही मधली जागा खातो. मॅप बसवताना टाकीत पुष्कळदा चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल असतं, जे सगळ्या पंपांवर मिळत नाही. साधं पेट्रोल भरून भर उन्हात घाट चढायला लागलात की सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपणहून भडकतं. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू मुकाट्याने ठिणगी मागे घेतो. विकत घेतलेले घोडे तिथेच परत जातात. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, कसलाही आवाज होत नाही. मालक एकशेपस्तीसच्या तोऱ्यात एकशेदहा घोडे हाकत असतो, आणि ज्या गाडीत नॉक सेन्सरला मॅपमध्येच बहिरं करून ठेवलेलं असतं, तिथे हिशोब पिस्टन करतो.

मायलेज वाढतं, हा दुसरा दावा. हलक्या पायाने चालवलं तर थोडं वाढूही शकेल. पण हलक्या पायाने चालवणाऱ्या माणसाने रीमॅपला पैसे मोजल्याचं ऐकिवात नाही. तिसरा मुद्दा मात्र मी मान्य करतो. दुपदरी रस्त्यावर उसाची ट्रॉली ओलांडताना तिसऱ्या गिअरमध्ये मिळणारा जादा टॉर्क खराखुरा असतो, आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या तोंडावर जितकी सेकंदं कमी घालवाल तितकं बरं. स्थिर वेगाचा माझा सगळा हिशोब इथे लंगडा पडतो, हे कबूल. फक्त अनुभव असा, की हाताशी जोर आला की माणूस तीच ट्रॉली अधिक सुरक्षितपणे ओलांडत नाही. पूर्वी जिच्या मागे थांबला असता ती ओलांडायला जातो.

इथवर सगळं आपल्यापुरतं आहे. क्लच आपला, खिसा आपला. चीड येते ती पुढच्या पायरीची. पाय काढला की सायलेन्सरमधून फटाके फुटावेत म्हणून ठिणगी मुद्दाम उशिरा पाडून इंधन एक्झॉस्टमध्ये जाळायचं, याला हल्ली ट्यूनिंग म्हणतात. त्याने घोडे वाढत नाहीत, रात्री दीडला चार इमारतींमधली तान्ही मुलं आणि आजारी म्हातारी माणसं जागी होतात. त्याहून वाईट म्हणजे फ्री फ्लो एक्झॉस्टसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकणं, डिझेल असेल तर काजळी अडवणारा फिल्टर पोकळ करणं. त्या जाळीदार डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं ते शोभेला नव्हे. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल तिथे मारलं जातं. तो डबा काढून मिळालेले चार-पाच घोडे आम्ही मिरवतो, आणि जे काढलं ते सिग्नलला आठ तास उभ्या असलेल्या हवालदाराच्या छातीत जातं, स्कूटरवर आईच्या पुढे उभ्या असलेल्या पोराच्या जातं. पीयूसीची तपासणी पेट्रोल गाडी उभी ठेवून, भाराविना चालणाऱ्या इंजिनावर होते, म्हणून हे खपून जातं असं नाही. विचारणारा कोणी नसतो म्हणून खपतं. याला हौस म्हणू नये.

हौसेबद्दल मला कणव आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या पद्मिनी टॅक्सीच्या काळात मिस्त्री बॉनेटवर वाकून, काळ्या नखांच्या चिमटीत स्क्रू ड्रायव्हर धरून कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. पुन्हा पाव फेरा. मध्येच इंजिनाची धाप बसायची, लय लागायची. चाळीसेक घोड्यांची ती टॅक्सी, टपावर वळकट्या लादून, दिवसभर माणसं ओढायची, आणि मिस्त्री कागद वगैरे काही द्यायचा नाही. गाडी आपल्या हाताने थोडी बरी करावी ही ओढ मॅपच्या मागेही असते. ज्याच्या घराचा हप्ता बँक ठरवते, पगारवाढ साहेब ठरवतो आणि खिडकीच्या ग्रीलचा रंगही सोसायटी ठरवते, त्याला स्वतःचं म्हणून बदलता येईल असं दुसरं उरतं काय? त्यामुळे 'करू नका' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

करायचंच असेल तर वकिलाला आणि विमा कंपनीला काय सांगणार ते आधी ठरवा. मग घोडे आणण्यापूर्वी नालबंद आणि पखालजी नेमा: चांगले टायर, नवे ब्रेक पॅड, बदललेलं ब्रेक ऑइल, साफ केलेला रेडिएटर. कन्व्हर्टरला हात लावू नका. डिकीत वर्षभर पडून असलेली खोगीरभरती उतरवा, आणि टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासून घ्या. एवढ्यानेच निम्म्या गाड्यांचा पिकअप सुधारतो. त्याचा कागद मात्र मिळत नाही. साधी हवा पंपावर फुकट असते.