बाळ अधिकृत कसे करावे
(दुबईकर नवपालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शन)

सर्वप्रथम अभिनंदन. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पेढे वाटून झाले आहेत, आणि नाक कुणाच्या वळणावर गेलंय यावरून दोन्ही घरांत कुरबुर सुरू झाली आहे. ती चालू द्या, तुम्ही कामाला लागा. कारण या घटकेला तुमच्या घरात एक परदेशी इसम विनाव्हिसा राहतो आहे. त्याचं वजन तीन किलो आहे आणि त्याला मान धरता येत नाही, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

आधी परिस्थिती समजून घ्या. अमिरातीत जन्मलं म्हणून अमिरातीचं नागरिकत्व मिळत नाही, हे तुम्हाला ठाऊकच होतं. पण आईबाप दोघं भारतीय, म्हणजे बाळ आपोआप भारतीय, असा तुमचा समज असणार. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं चौथं कलम उघडा. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे परदेशात जन्मलेलं मूल भारतीय वकिलातीत नोंदवल्याशिवाय भारताचं नागरिक होत नाही. नोंदणी वर्षाच्या आत करायची. वर्ष उलटलं तर थेट केंद्र सरकारची परवानगी आणायची. शिवाय या मुलाकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नाही, असं तुम्ही लिहून द्यायचं. म्हणजे सध्या बाळ ना इथलं ना तिथलं. ते तुमचं आहे, पण तेही कागदावर यायचं आहे.

वेळ किती, ते पाहा. जन्मापासून १२० दिवसांत बाळाचा रेसिडेन्स व्हिसा झाला पाहिजे, नाहीतर रोजचा दंड. खाजगी नोकरीतल्या आईला बाळंतपणाची रजा ६० दिवस, त्यातले ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगारी. बापाला पालकत्वाची रजा कामाचे पाच दिवस. या पाच दिवसांत बापाने बाळाशी नातं जुळवावं, अशी कायद्याची इच्छा आहे. तुम्ही ते रांगेत जुळवा.

१. आधी लग्न सिद्ध करा. बायको तुमच्याच व्हिसावर असेल, तर हे काम पूर्वीच झालेलं असतं. पुढच्या क्रमांकावर जा. पण दोघांची नोकरी, दोघांचे स्वतंत्र व्हिसे, असं असेल, तर लग्नाचा दाखला आजवर कुणी मागितलेलाच नसतो. तुम्हाला वाटतं, लग्नाला अख्खा गाव जेवला, आमदार येऊन गेले, अल्बम आहे, व्हिडिओ आहे. अल्बमवर शिक्का मारता येत नाही. पाहिजे तो विवाह नोंदणीचा दाखला. त्यावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग भारतातल्या अमिराती वकिलातीचा, आणि सरतेशेवटी इथल्या परराष्ट्र खात्याचा. गावाकडे हे कुणीतरी करायला लागतं. भाऊ निवडू नका, तो ‘बघतो’ म्हणतो. मेहुणा निवडा, त्याला नाही म्हणता येत नाही.

दाखलाच काढलेला नसेल, तर नोंदणीसाठी साक्षीदार गोळा करा. लग्नात रुसून जेवणावरून उठलेले काकाही आता चालतील.

२. नाव ठरवा, तेही लगेच. हॉस्पिटलात बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असतं. दाखला मात्र असा ‘अमकीचं बाळ’ म्हणून निघून चालत नाही, त्यावर नाव लागतं. बारसं बाराव्या दिवशी, अक्षर नक्षत्रावरून निघायचं आहे, नाव आत्याने कानात सांगायचं आहे आणि आत्या इचलकरंजीत आहे, हे काउंटरवरच्या माणसाला समजावून पाहा. तो ऐकून घेतो आणि पुढचा टोकन नंबर दाबतो. तेव्हा आत्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, फोन बाळाच्या कानाशी धरा आणि नाव अर्जात भरून टाका. बारसं मागाहून यथासांग करा. बाळाला फरक कळत नाही, आत्याला कळतो. तिला साडी घ्या.

नाव निवडताना अरबीचा विचार करा, कारण दाखल्यावर अरबीही असतं आणि अरबी लिपीत प नाही, च नाही, ळ तर नाहीच. पार्थ पाटीलचा बार्थ बातील होतो. चितळ्यांनी तर हा परिच्छेद वाचूच नये. इंग्रजी स्पेलिंग मात्र बापाच्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. बापाच्या पासपोर्टवर एक ‘ए’ जास्त पडला असेल, तर तो आता घराण्यात चालवा. आडनावाचा रकाना रिकामा ठेवण्याची आधुनिक हौस इथे नको. पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशाला व्हिजिट व्हिसावर आत घ्यायचं नाही, असं अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं. जातीयता सोडण्याची चळवळ मूल सज्ञान झाल्यावर त्यालाच करू द्या.

३. जन्मदाखला घ्या आणि वाचा. तिथेच, खुर्चीवर बसून, मोठ्याने. घरी येऊन वाचलेल्या दाखल्यातली चूक ही आपली चूक असते. मग त्यावर शिक्के. शिक्का खरा आहे, असं सांगणारा दुसरा शिक्का असतो; त्याच्याविषयी शंका नको म्हणून तिसरा. कुठे थांबायचं हे काउंटरवरचा माणूस सांगतो.

४. फोटो. सगळ्या पायऱ्यांत ही खरी अवघड आहे. इथे घाई करणाऱ्यांचे अर्ज परत येतात.

भारतीय पासपोर्टच्या फोटोला पांढरी पार्श्वभूमी हवी, चेहरा समोर हवा, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं आणि चौकटीत दुसऱ्या कुणाचाही हात दिसता कामा नये. आता आपला उमेदवार पाहा. त्याचे डोळे उघडतात तेव्हा तोंडही उघडतं. तोंड मिटतं तेव्हा तो झोपलेला असतो. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होण्याचा क्षण दूध पिऊन झाल्यावर आणि ढेकर येण्याआधी येतो. तो पकडा.

तयारी अशी करा. आदल्या रात्री आजी झोपल्यावर बाळाच्या गालावरची तीट पुसा. काजळही पुसा. अर्जात शरीरावरची खूण विचारलेली असते, तिथे ‘उजव्या गालावर तीट’ असं लिहू नका. टोपडं काढा. झबलं रंगीत घाला. पांढरं घातलंत तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर नुसतं डोकं तरंगताना दिसतं.

फोटो घरी काढण्याच्या फंदात पडू नका. करामा किंवा बर दुबईतला एखादा जुना स्टुडिओ गाठा, जिथे असली बाळं रोज येतात. तिथला माणूस काही बोलत नाही. तो बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवतो, स्टुलावर चढतो, एका हातात कॅमेरा धरतो आणि दुसऱ्या हाताने किल्ल्यांचा जुडगा वाजवतो. बाळ वर बघतं. क्लिक. बापाचं काम चादरीखाली हात घालून मान सरळ धरण्याचं, कारण चादरीखालचा हात हा कायद्याने हात नव्हे. आईचं काम ‘अगं बाई, गार लागेल त्याला’ एवढंच म्हणण्याचं.

फोटो बाळासारखा आला नाही, अशी तक्रार करू नका. तुमचा तुमच्यासारखा आला आहे का?

५. अर्ज भरा. जन्मनोंदणी आणि पासपोर्ट, दोन्ही एका दमात उरका. पासपोर्टचा अर्ज सगळ्या भारतीयांना समान लेखतो, हे त्याचं मोठेपण. त्यामुळे तुमच्या तीन आठवड्यांच्या बाळालाही विचारलं जाईल, की तुमच्यावर भारतातल्या न्यायालयात फौजदारी खटला चालू आहे का? तुम्हाला कधी हद्दपार केलं होतं का? तुम्ही परदेशात राजकीय आश्रय मागितला होता का? सगळीकडे ‘नाही’ करत जा. मात्र ‘नाही’ची लय लागून ‘माहिती खरी आहे’ इथेही नाही करू नका. शिक्षणाच्या रकान्यात सर्वांत खालचा पर्याय निवडा आणि मन खट्टू होऊ देऊ नका, सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते. ‘इतर नावाने ओळखले जाता का’ इथेही ‘नाही’. पिल्लू, गुंड्या, ठमाकाकू ही घरातली बाब आहे, ती सरकारदरबारी नेऊ नका.

आईबाप दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही, असा ज्या घरात दंडक आहे, तिथे आजी आणि भारत सरकार यांच्यात थेट संघर्ष उभा राहतो. यात पडू नका. आजीला एवढंच सांगा, की पासपोर्ट नसेल तर बाळाला गावी आणताच येणार नाही. आजी स्वतःच टॅक्सी बोलवेल.

६. अंगठा. सही येत नसलेल्या अर्जदाराने अंगठा उठवायचा असतो. मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. का, ते विचारायला थांबू नका, मागे रांग आहे. बाळाचा अंगठा मुठीच्या आत असतो आणि मूठ उघडायला गेलं की बाळ रडतं. झोपेत करा. शाईची गादी हलकेच टेकवा, अंगठा रकान्याच्या आत उठवा आणि पहिलाच ठसा पसंत करा. दुसरा चांगला येईल, या आशेने पुष्कळ अर्ज फुकट गेले आहेत. मग ओल्या पुसण्याने अंगठा लगेच पुसा, कारण पुढच्याच क्षणी तो तोंडात जाणार आहे.

७. वाट पहा. वकिलात भारताच्या सुट्ट्या पाळते आणि इथल्याही. दिवाळीच्या तोंडावर बाळ झालं असेल, तर हे आधी लक्षात यायला हवं होतं. या काळात विम्याची चौकशी करा: दुबईत आईच्या विम्यात नवजात बाळ पहिले ३० दिवस धरलेलं असतं, पुढे त्याला स्वतःची पॉलिसी लागते. आणि पासपोर्ट हातात आला की हरखून लगेच पुण्याचं तिकीट काढू नका. व्हिसा होण्याआधी बाळ देशाबाहेर गेलं, तर त्याला परत आणायला वेगळी परवानगी काढावी लागते. ते तिकडे, तुम्ही इकडे.

८. टायपिंग सेंटरला शरण जा. तुम्ही इंजिनिअर असाल, घरून सगळं ऑनलाइन होतं हे तुम्हाला माहीत असेल, ॲपही उतरवून घेतलं असेल. एक संध्याकाळ त्यात घालवा, हौस फिटेल. मग निमूट टायपिंग सेंटर गाठा. तिथला मल्याळी गृहस्थ तुमच्याकडे न बघता हात पुढे करतो, तुमच्या फायलीतले निम्मे कागद परत देतो आणि तुम्ही आणला नाहीत नेमका तोच कागद मागतो. बहुधा भाडेकरार, म्हणजे एजारी. ती तुमच्या नावावर नसून फ्लॅट शेअर करणाऱ्या मित्राच्या नावावर असेल, तर तो गृहस्थ पहिल्यांदा वर बघतो.

इथे पगाराचा दाखलाही लागतो. कुटुंबाला प्रायोजित करायला महिना ४,००० दिरहम पगार हवा, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय. थोडक्यात, बाप होण्यासाठी किमान वेतनाची अट आहे. आपल्या वडिलांना हे फोनवर सांगू नका. त्यांनी तुम्हा तिघा भावंडांना कशावर वाढवलं, ते तासभर ऐकावं लागेल.

सगळं जुळलं, की बाळाला एमिरेट्स आयडी मिळतो. नंबर पंधरा आकडी. सुरुवातीला ७८४, पुढे जन्माचं वर्ष. वर किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघणारा तो फोटो. पासपोर्टवर व्हिसा चिकटवण्याची पद्धत २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे हे कार्ड हाच बाळाचा इथे राहण्याचा पुरावा. हा व्हिसा तुमच्या व्हिसावर टांगलेला आहे, तुमचा तुमच्या नोकरीवर, आणि नोकरी साहेबाच्या मर्जीवर. त्यामुळे बाळाच्या हितासाठी साहेबाच्या विनोदांना हसत जा.

९. आजीकडे लक्ष द्या. या धावपळीत एक गोष्ट हमखास राहते. आजी व्हिजिटवर आल्या आहेत आणि त्यांची मुदत परवा संपते. फाइल उघडलेलीच आहे, टायपिंग सेंटरवालाही आता तोंडओळखीचा झाला आहे. लगेच जा.

१०. देखभाल. व्हिसाच्या नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा. अज्ञान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. म्हणजे चार वर्षांचं, गुडघे फोडून घेतलेलं तुमचं कार्टं मुंबई विमानतळावर उभं असेल आणि पासपोर्टात तीन आठवड्यांचा एक टकलू, डोळे वटारून. अधिकारी एकदा फोटोकडे बघेल, एकदा मुलाकडे. तुम्ही मधे बोलू नका, फोटो कसा काढला ते तर मुळीच सांगू नका. मग तो काउंटरवरून वाकून मुलालाच विचारेल, ‘बाळ, नाव काय तुझं?’ याची तालीम विमानातच करून घ्या, नाहीतर ते तिथे सर्वांसमोर खणखणीत आवाजात ‘गुंड्या’ म्हणून सांगेल.