रा. रा. स्विचराव यांस

मु. पो. सर्व्हर रूम, रॅक नंबर 3, वरून दुसरं घर.

कृ. सा. न. वि. वि.

आपल्या कृपेने इकडे सर्व क्षेम. मागे एका रात्री एका सर्व्हरने दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं आणि लॉगमधल्या वेळेनुसार प्रश्न त्यानंतर 9 मायक्रोसेकंदांनी विचारला गेला. इतकी तत्पर सेवा दुसऱ्या कोणाच्या नशिबी नसेल.

दिवसभर आपण किती सोज्वळ वागता! घड्याळांतला फरक, म्हणजे ऑफसेट, शंभर-दोनशे नॅनोसेकंदांच्या आत. रात्री एकला बॅकअप सुरू झाला, की तोच आकडा वाऱ्यावरच्या पतंगासारखा गोते खातो. साहेबांना दाखवायला जावं, तर सकाळी पुन्हा आपण पूजेला बसल्यासारखे शांत.

आपल्यामुळे आमच्या नव्या मुलाला गच्चीचं दर्शन घडलं. जुलैच्या पावसात मास्टर घड्याळाच्या जीपीएस अँटेनाचा कनेक्टर उघडून, पुसून, पुन्हा आवळून तो ओलाचिंब खाली आला. अँटेना निर्दोष. मग नेटवर्क कार्ड बदललं. तेही निर्दोष. जुनं कार्ड माझ्या खणात पडलंय, आपली आठवण म्हणून.

मध्येच घड्याळं नेमकी 37 सेकंद पुढे गेली, त्याचं खापर मात्र आपल्यावर नाही. घड्याळं जुळवणारा पीटीपी प्रोटोकॉल अणुघड्याळांची टीएआय वेळ वाटतो; ती 2017 पासून नेहमीच्या यूटीसी वेळेच्या 37 सेकंद पुढे आहे, आणि ती वजाबाकी घाईत आम्हीच विसरलो होतो. पापाची वाटणी चोख असावी.

आता आपल्या वाट्याचं. पीटीपीचा हिशेब भाबडा आहे, महाराज. मास्टरकडून सिंक संदेश येतो, सर्व्हर उलट डिले रिक्वेस्ट पाठवतो, आणि जायला लागला तेवढाच वेळ यायला लागला असं धरून बेरजेचे दोन सारखे वाटे करतो. आपण सिंकच्या पुढ्यात बॅकअपचे पाच जाडजूड फ्रेम उभे करता. 1 गिगाबिटवर एकेकाला 12 मायक्रोसेकंद, म्हणजे 60. उलट वाट मोकळीच. निम्मे 30 सर्व्हर मुकाट्याने आपल्या घड्याळातून कापतो. तक्रार नाही, एरर नाही. वर ‘लॉक्ड’ म्हणून मिरवतो.

उशिराबद्दल आमचं काही म्हणणं नाही. उशीर आमच्याकडे सगळ्यांनाच होतो. फक्त किती झाला, ते सांगावं. पीटीपीच्या 2008 च्या आवृत्तीपासून तशी सोय आहे: ट्रान्सपरंट क्लॉक असलेला स्विच पॅकेट आत किती थांबलं, हे करेक्शन फील्डमध्ये नोंदवतो. एवढंही आपल्या प्रतिष्ठेला कमी वाटलं असावं.

पण आपल्या माहितीपत्रकावर ‘पीटीपी सपोर्ट’ ठळक छापलंय ना, असं मी विक्रेत्यांना नम्रपणे विचारलं. ते म्हणाले, “सपोर्ट म्हणजे अडवत नाही, जाऊ देतो.” या न्यायाने आमच्या गल्लीतला खड्डासुद्धा वाहतुकीला सपोर्ट करतो.

शेवटी परवा एक साधी पॅच कॉर्ड घेतली आणि आपल्याला वळसा घालून सर्व्हर थेट मास्टरला जोडला. बॅकअप चालू असतानाही ऑफसेट दोन आकडी नॅनोसेकंद. रात्री दीड वाजता मी आणि तो गच्चीवाला मुलगा स्क्रीनकडे बघत वेड्यासारखे हसलो.

येत्या सोमवारपासून आपली बदली कँटीनच्या वायफायवर केली आहे. तिथे चहासुद्धा किती वेळ थांबला, याची कोणी नोंद ठेवत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रात्रपाळीचा एक सेवक

ता. क. उत्तर पाठवाल तर पत्र खिशात किती वेळ ठेवलंत, तेवढं पाकिटावर लिहावं.