बैठकराव

आमच्या कंपनीत बैठकराव नेमके कोणत्या खात्यात आहेत, हे कोणालाच धड सांगता येत नाही. प्लॅनिंगवाले म्हणतात क्वालिटीत, क्वालिटीवाले म्हणतात परचेसला, आणि परचेसवाले म्हणतात, "ते होय? ते मीटिंगमध्ये आहेत." यातला शेवटचा पत्ता बिनचूक. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच या वेळात त्यांच्याशी काम पडले, तर पहिल्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूमचे दार जरासे ढकलावे. बैठकराव आत असतातच. बरोबरची माणसे तेवढी बदललेली असतात.

त्यांचे खरे नाव वेगळे आहे, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरले आहे. आणि हा गृहस्थ काही आमच्या भोसरीच्या कारखान्यापुरता नाही. जिल्हा परिषदेत तो आढावा बैठक घेतो. पतसंस्थेत कोरम नाही म्हणून सभा तहकूब करतो आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत, पुन्हा सुरू करतो. कॉलेजात तो समित्यांचा समन्वयक असतो. हिंजवडीत तो रोज सकाळी 'स्टँड-अप' घेतो आणि त्यात सगळे बसलेले असतात.

बैठकरावांच्या हाती कायम एका पुरवठादाराने नववर्षाला दिलेली जाड पुठ्ठ्याची डायरी असते. एकदा त्यांच्या शेजारी बसण्याचा योग आला तेव्हा मी ती नीट पाहून घेतली. उजव्या कोपऱ्यात तारीख. खाली हजर असलेल्यांची नावे, हुद्द्याच्या क्रमाने. मग 'मुद्दे' असा शब्द, त्याखाली पट्टी लावून ओढलेल्या दोन रेघा. आणि पुढे पानभर चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन. मागची पाने चाळली तर सगळीकडे तेच. चौकोनांत मात्र वर्षभरात चांगली सफाई आलेली दिसली.

कुठलीही अडचण पुढे आली की इतर माणसे अडचणीकडे बघतात, बैठकराव कॅलेंडरकडे बघतात. "याच्यावर आपण एकदा बसू या," हे त्यांचे आवडते वाक्य. नळ गळतो? बसू या. ग्राहकाची तक्रार आली? तातडीने बसू या. स्टोअरचे अण्णा एकदा वैतागून म्हणाले, "साहेब, मी वॉशर बदलून आलो. नळ थांबला." बैठकरावांचा चेहरा पडला. खोली बुक झाली होती, बिस्किटे सांगून झाली होती. शेवटी 'नळ: झालेली कार्यवाही व पुढील दिशा' या विषयावर मंडळी बसलीच.

आता थोडा हिशेब. पंधरा माणसे एक तास बसली की एका माणसाचे जवळजवळ दोन कामाचे दिवस खर्ची पडतात. तेवढ्या पैशांचे ड्रिल मशीन घ्यायचे तर आमच्याकडे तीन कोटेशने आणि चार सह्या लागतात. पंधरा जणांचा तास घ्यायला सही लागत नाही, कारण लागत नाही. कॅलेंडरवर एक बोट ठेवले की पुरते. अकाउंट्सच्या मॅडम ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्यांची पावती मागतात, पण त्या पुड्यांभोवती वितळलेल्या पगाराची पावती कोणी मागत नाही.

बैठकरावांची कला पाहायची तर शेडची मीटिंग आठवावी लागेल. विषय दोनच होते. पहिला: पावणेतीन कोटींची नवी हायड्रॉलिक प्रेस. दुसरा: दुचाकींवर पत्र्याची शेड.

पहिल्या विषयाला प्लँट हेड म्हणाले, "टेक्निकलवाल्यांनी बघितलंय ना?" दोन माना हलल्या. मंजूर. तोवर चहासुद्धा आला नव्हता.

मग शेड निघाली, आणि खोलीत प्राण आला. पत्रा घ्यावा की फायबर? उतार रस्त्याकडे की भिंतीकडे? निळा बरा की हिरवा? मोटारसायकली एकीकडे आणि स्कूटी एकीकडे लावल्या तर किती बसतील? स्टोअरच्या अण्णांनी त्यांच्या साताऱ्याकडच्या चुलतभावाच्या गोठ्याचे पत्रे कसे उडाले आणि कोणाच्या उसात सापडले, ते तपशीलवार सांगितले. एचआरच्या मुलीने विचारले, "पाहुण्यांच्या गाड्यांचं काय?" त्यावर 'पाहुणा कोणाला म्हणावे' हा उपविषय निघाला. बैठकराव कृतार्थ मुद्रेने सगळ्यांकडे पाहत होते. "छान चर्चा होतेय," ते म्हणाले. "घाई नको. आपण शेड उपसमिती नेमू. सात जणांची." पावसाळा तेव्हा दोन महिन्यांवर होता. तो आला, भिजवून गेला, आणि उपसमिती उताराच्या दिशेपर्यंत पोचली.

यात आमच्या कंपनीचे वेगळेपण काही नाही. सिंगापूरला इतिहास शिकवणाऱ्या पार्किन्सन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने 1957 मध्येच हे लिहून ठेवले आहे. त्याच्या पुस्तकातली समिती अणुभट्टीचा खर्च दोन-अडीच मिनिटांत पास करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते. कारण सरळ आहे. अणुभट्टी कोणाला कळत नाही, आणि कळत नाही हे कोणाला सांगायचे नसते. शेड सगळ्यांना कळते, आणि कळते हे प्रत्येकाला सांगायचे असते.

याहून गंमत दुसऱ्या महायुद्धातली. 1944 साली अमेरिकेच्या ओएसएस या हेरखात्याने, म्हणजे पुढच्या सीआयएच्या पूर्वजाने, एक गुप्त पुस्तिका काढली. शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातल्या साध्यासुध्या नोकरदारांनी पकडले न जाता कामाचा विचका कसा करावा, याचे त्यात मार्गदर्शन होते. यंत्रात वाळू टाकण्याच्या युक्त्या आहेतच, पण कार्यालयांसाठी वेगळ्या सूचना आहेत. लांबलचक भाषणे करा. प्रत्येक गोष्ट समितीकडे पाठवा, आणि समितीत पाचापेक्षा कमी माणसे नकोत. शब्दरचनेवर वाद घाला. मागच्या बैठकीत ठरलेले पुन्हा उकरून काढा. महत्त्वाचे काम खोळंबले असेल तेव्हाच बैठक बोलवा. जिवावर उदार होऊन जे करायला त्या लोकांना शिकवावे लागले, ते बैठकराव शांततेच्या काळात, उपजत बुद्धीने आणि भविष्यनिर्वाह निधीसह करत आहेत.

तरी त्यांना कामचुकार म्हणणे अन्यायाचे होईल. खोलीत सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावणारे तेच, आणि शेवटी दिवे-पंखे बंद करणारेही तेच. कोणी आजारी असला तर त्याच्या वाटची बिस्किटे कागदात गुंडाळून टेबलावर ठेवतील. त्यांचे दुखणे वेगळे आहे. जुनी माणसे सांगतात की नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एकदा एका लॉटवर एकट्याने सही केली. लॉट ग्राहकाकडून जसाच्या तसा परत आला आणि मेमो एकट्या बैठकरावांना मिळाला. तेव्हापासून ते एकट्याने काही ठरवत नाहीत. दुपारचा डबाही चौघांच्या सल्ल्याने उघडतात. एकाने सही केली तर मेमो कोणाला द्यायचा ते ठरलेले असते. बारा जणांनी मिळून माना डोलावल्या तर कोणाला देणार? निम्म्या बैठका काही ठरवायला बोलावलेल्या नसतातच. ठरवण्याचे ओझे वाटून, शक्यतो हरवून टाकायला बोलावलेल्या असतात.

खाली शॉपवर हे चालत नाही. तिथे पहिल्या पाळीला सकाळी सातच्या ठोक्याला सगळे फळ्यासमोर उभे. रात्रपाळीत किती पीस निघाले, किती रिजेक्ट गेले, कुठली मशीन बंद, कोण बघतोय, किती वाजेपर्यंत चालू होईल. फळ्यावर मशीनपुढे नाव, नावापुढे वेळ. सात दहाला प्रेस सुरू होतात आणि मग शेजारच्याचेही ऐकू येत नाही, म्हणून सगळे बोलणे त्याआधी संपलेले असते. एकदा बैठकराव कौतुकाने खाली आले आणि सुपरवायझरला विचारू लागले, "अजेंडा आधी सर्क्युलेट केला होता का?" तेवढ्यात पहिली प्रेस आदळली. सुपरवायझर कानाला हात लावून ओरडला, "काय?" बैठकराव वर निघून आले.

त्यांना खरा धक्का बसला तो मुलीच्या लग्नाच्या बैठकीत. याद्या होत्या. ऑफिसातर्फे मीही गेलो होतो. बैठकराव डायरी घेऊन, दोन पेने खिशाला लावून बसले होते. समोर नवऱ्या मुलाचे मामा, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मांडीवर फुलस्केप कागद, वर कुंकवाचे बोट. मुहूर्त, कार्यालय, वऱ्हाड, मानपान, साड्या, बँड, जेवण असे एकाखाली एक लिहून आणलेले, आणि समोर दोन रकाने मोकळे.

बैठकरावांनी घसा साफ केला. "कार्यालयाच्या बाबतीत आपण सर्व बाजूंनी विचार करून, एक प्राथमिक चर्चा..."

"पाहुणं," मामा म्हणाले, "कार्यालय तुमच्याकडं का आमच्याकडं, तेवढं सांगा. लिवायचं हाय."

"म्हणजे... आमच्याकडे."

"लिवलं. पुढं. बँड?"

आत पाने मांडून झाली होती आणि आमटीचा वास बाहेर येत होता. कार्यालयाची एकच तारीख मोकळी होती. 'वरिष्ठांना विचारून कळवतो' म्हणायची सोय नव्हती, कारण दोन्हीकडचे वरिष्ठ सतरंजीवरच बसलेले होते. तासाभरात कागद भरला. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, पेढे वाटले गेले. आणि पुढे लग्न अगदी त्या कागदाबरहुकूम पार पडले. बैठकराव बरेच दिवस कोणाशी फारसे बोलत नव्हते.

मग एका सोमवारी ते मीटिंगला छापील कोष्टक घेऊन आले. रकाने तीन: काय, कोण, कधी. आम्ही थक्क झालो. पहिली ओळ वाचली: 'दुचाकी शेड. सर्व संबंधित. लवकरात लवकर.' दुसरी वाचली: 'स्क्रॅपची विल्हेवाट. सर्व संबंधित. लवकरात लवकर.' खालपर्यंत तसेच.

अकाउंट्सच्या मॅडमनी पर्समधून लाल पेन काढले. पहिल्या ओळीतले 'सर्व संबंधित' खोडले आणि तिथे एक नाव लिहिले. 'लवकरात लवकर' खोडून '31 मे' लिहिले आणि कागद बैठकरावांपुढे सरकवला.

ते बराच वेळ बघत राहिले. "हे... मी?"

"पगारपत्रकावर तरी हेच नाव आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांनी जाऊन काम केलं तरी चालेल ना आता?"

शेड 28 मेला उभी राहिली. बैठकरावांनी तीन कोटेशने मागवली, एक निवडले आणि खाली एकट्याने सही केली. सही करताना हात थरथरत होता असे फॅब्रिकेटर सांगतो. रंग कोणता द्यावा, हे त्यांनी कोणालाही विचारले नाही. तो पिवळा आहे. एकालाही आवडलेला नाही, आणि एकाचीही सीट भिजत नाही.

माणूस सुधारला, असे मात्र कोणी समजू नये. जुलैत साडेपाचला धो-धो पाऊस लागतो आणि बारा-पंधरा माणसे शेडखाली अडकून पडतात. इतकी माणसे एका जागी, घरी जाता येत नाही अशा अवस्थेत सापडली की बैठकरावांचा स्वतःवर ताबा राहत नाही. ते छत्री मिटवतात, डायरी उघडतात, कोपऱ्यात तारीख घालतात आणि म्हणतात, "पाऊस उघडेपर्यंत एक विषय घेऊन टाकू." उभे राहायला जागा कमी पडते म्हणून दोन गाड्या बाहेर पावसात काढाव्या लागतात. त्यातली एक माझी असते.