वांग्याचा जमाखर्च

(काबूलच्या जुन्या वस्तीतील एका घराचे अंगण. महिना असदचा, म्हणजे जुलै सरून ऑगस्ट लागण्याचा. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटरांवर वसलेल्या या शहरातही या दिवसांत दुपार तापते, म्हणून चूल घरातून बाहेर तुतीच्या झाडाखाली आलेली. चुलीपाशी बीबी. समोरच्या बैठकीवर मिर्झा : ज्याने उभा जन्म सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप घेण्यात वेचला, आणि सेवानिवृत्तीनंतर ज्याला आक्षेप घेण्यास घरच्या मंडळींखेरीज कोणी उरले नाही, असा. मांडीवर फळी, फळीवर कागद, डोक्यावर कराकुली टोपी. या दांपत्याचा धाकटा मुलगा पुण्यास शिकतो. पुणेकरांस अफगाण विद्यार्थ्यांचे नवल वाटेनासे होऊन बराच काळ लोटला आहे. मुलाने बांजानची, म्हणजे वांग्याची, बोराणी कशी करावी हे आईला विचारण्यासाठी फोन केला आणि तो फोन बापाने उचलला, एवढेच पुढील संवादाचे कारण.)

मिर्झा : लिहून घेतो. "नूरे चश्म चिरंजीवास अनेक आशीर्वाद उपरी विशेष. तुझा तोंडी अर्ज दाखल झाला असून तुझ्या मातुःश्रींची जबानी कलमवार नोंदवून पाठवण्यात येत आहे." आता बोला. सावकाश बोला, आणि मागाहून खोडावे लागेल असे काही बोलू नका.

बीबी : वांगी आणायची.

मिर्झा : किती?

बीबी : खाणारी माणसे पाहून.

मिर्झा : बीबीजान, "माणसे पाहून" या आधारावर मी उभ्या नोकरीत एकही मागणीपत्र मंजूर केलेले नाही.

बीबी : मग दोन पाव लिहा.

मिर्झा : दोन पाव. थांबा, येथे गंभीर घोटाळा संभवतो. आपल्या काबूलचा शेर सात किलोंहून किंचित जास्त, त्याचा सोळावा हिस्सा तो पाव, म्हणजे 442 ग्रॅम. पुण्यास मात्र, मुलगाच मागे सांगत होता, पाव म्हटला की किलोचा चौथा हिस्सा, 250 ग्रॅम. तेव्हा तुमच्या हुकमाबरहुकूम त्याने दोन पाव आणली, तर येथून निघालेली जवळजवळ नऊशे ग्रॅम वांगी पुण्यास पोचेपर्यंत पाचशेच उरतात. मधली चारशे कोणाच्या पदरात पडली, याचा जाब कोणी द्यायचा?

बीबी : ग्रॅममध्ये लिहा आणि पुढे चला. तिथे म्हणे मसाला भरून करतात ती लहान काटेरी असतात, ती नकोत. विस्तवावर भाजायची मोठी मिळतात, ती चालतील. चकचकीत असावीत, दाबली तर दबू नयेत.

मिर्झा : (लिहीत) "दाबली असता न दबणारी." उत्तम कलम आहे, नोकरभरतीच्या वेळी आम्हांला असे कलम कोणी दिले नाही. पुढे?

बीबी : एक पट्टा ठेवून एक, अशी साल काढायची. बोटाएवढ्या जाडीच्या गोल चकत्या करायच्या. मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवायच्या.

मिर्झा : अर्धा तास निष्क्रिय?

बीबी : निष्क्रिय कशी? पाणी सोडतात. परातीत बघा.

मिर्झा : त्याबरोबर दोषही उतरत असेल तर बरेच आहे. कारण इब्न सीनासारख्या हकिमाने, ज्याचा बाप आपल्या बल्खचा, म्हणजे एका नात्याने आपलाच माणूस, वांग्याने काळे पित्त वाढते असे नमूद करून ठेवले आहे, आणि काळे पित्त वाढले की माणूस विषण्ण होतो. परदेशात एकट्या राहणाऱ्या, परीक्षेच्या तोंडावर आलेल्या मुलास असा पदार्थ लेखी पाठवणे मला जोखमीचे वाटते.

बीबी : हकीमसाहेबांना वांगी कोणी करून घातली होती, ते नमूद आहे का?

मिर्झा : नाही.

बीबी : मग लिहा. चकत्या दाबून फडक्याने कोरड्या पुसायच्या. ओल्या गेल्या तर तेल अंगावर उडते. आणि मिठावाचून गेल्या तर कढईत तेलच राहत नाही.

मिर्झा : राहत नाही? जाते कोठे?

बीबी : वांगे पिते. आत सगळी हवाच असते त्याच्या. मिठाने पाणी सुटले की ते आतून बसते, मग कमी पिते. तुमच्या बहिणीने ईदला केली होती ना बिनमिठाची? अर्धी बाटली ओतली. कढई कोरडी आणि ताटात तळे.

मिर्झा : (लेखणी खाली ठेवून) बीबीजान, या भाजीचे चरित्र मला आज उलगडले. बाहेरून तुळतुळीत, डोक्यावर टोपी, मुद्रा गंभीर, आणि आत मात्र पोकळीच पोकळी. जे समोर येईल ते बिनपावतीचे आत घ्यायचे, चेहऱ्यावर सुरकुती पडू द्यायची नाही, आणि दप्तर तपासायला कोणी आले की आपण त्या गावचेच नव्हे असे दाखवायचे : असे अंमलदार मी जिल्ह्याजिल्ह्यांतून पाहिले आहेत. तुमचे मीठ म्हणजे रुजू होण्यापूर्वीची चौकशी. त्याला अर्धा तास चाळणीत बसवून अंगातले पाणी आधीच काढले, तर पुढची अफरातफर निम्म्याने घटावी!

बीबी : तुम्हीही टोपी काढा. घाम येतो आहे.

मिर्झा : टोपी राहील. आता तेलाचा आकडा सांगा. जमेस किती धरू?

बीबी : चकत्या पोहतील इतके. चांगले तापलेले हवे. कोमट असले की पुन्हा प्यायला बसतात. आणि गर्दी करायची नाही, एका वेळी चार. गडद बदामी होईपर्यंत दोन्ही बाजूंनी तळायच्या, मग पुन्हा चाळणीत. निम्म्या वाटेवर काढल्या तर आत कच्च्या राहतात, आणि कच्च्या वांग्याला चक्काही वाचवीत नाही.

(ती तेल ओतून तळू लागते. तेलाच्या पळ्या मोजून होताच मिर्झा कोरा कागद घेतो.)

मिर्झा : तोवर प्रस्तावना उरकून घेतो. "सदर पदार्थ बोरान नामक स्त्रीच्या नावे चालत आला असून त्यावर दोघींचा दावा आहे. पहिली, खुस्रो परवेझची कन्या, इसवी सन 630 च्या सुमारास सासानी गादीवर बसलेली राणी. हिला दह्याचे पदार्थ प्रिय होते असे सांगतात. दुसरी, वजीर हसन इब्न सहल याची कन्या, जिचा विवाह 825 साली खलिफा मामूनशी झाला..."

बीबी : मुलगा जेवणार कधी?

मिर्झा : ऐका तर! त्या विवाहात वजिराने पाहुण्यांवर कस्तुरीचे गोळे उधळले, आणि प्रत्येक गोळ्यात एक चिठ्ठी. कोणात जमिनीचे नाव, कोणात घोड्याचे. ज्याच्या हाती जी चिठ्ठी लागली, ती मालमत्ता त्याची. खलिफ्याच्या आजीसासूने वधूवरांवर हजार मोती ओतले म्हणतात, त्याचे मला काही नाही, मोती मोजता येतात. पण या जमिनींच्या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. त्यांचे दाखल-खारीज कोणी केले असेल? सारा कोणाच्या नावे चढला? एकच गोळा दोघांनी एकदम धरला असेल, तर तो तंटा कोणत्या कचेरीत गेला?

बीबी : आणि वांगी कोणी तळली?

मिर्झा : (कागद चाळून) त्याचा उल्लेख आढळत नाही.

बीबी : म्हणजे आचाऱ्याची वांगी नवरीच्या नावावर चढली. तुमचे ते दाखल-खारीज झालेच की. झारा द्या इकडे.

(मिर्झा झारा देतो. बीबी पातेल्यात थोडा कांदा परतते, आणि टोमॅटो चिरू लागते.)

मिर्झा : हरकत! टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही नव्या जगातून आलेली मंडळी; 825 साली खलिफ्याच्या दस्तरखानावर ती हजर असणे केवळ अशक्य. बगदादेत 1226 साली लिहिलेल्या पाकपुस्तकात बुराणिया म्हणजे तळलेली वांगी घातलेले मांस. टोमॅटोचा मागमूस नाही.

बीबी : आपण त्याला रूमी बांजानच म्हणतो ना? काळा बांजान आणि रूमी बांजान, घरचेच दोघे.

मिर्झा : घरचे म्हटल्याने वारसा शाबीत होत नाही. पूर्वपरंपरेची शुद्धता राखावयाची तर टोमॅटो खोडला पाहिजे.

बीबी : खोडा. तुमच्यापुरती बिनटोमॅटोची वेगळी काढते.

मिर्झा : (बराच विचार करून) तथापि, दीर्घ आणि बिनतक्रार वहिवाटीनेही हक्क उत्पन्न होतो, असा एक मान्य सिद्धांत आहे. राहू द्या टोमॅटो.

बीबी : कांद्यावर वांग्यांचा थर, त्यावर टोमॅटोच्या चकत्या, हळद, थोडे मीठ, हिरवी मिरची, पुन्हा वांगी, पुन्हा टोमॅटो. पाणी नावापुरते. झाकण घट्ट, आच मंद, अर्धा तास. आणि ढवळायचे नाही.

मिर्झा : मधूनमधून झाकण काढून पाहणी?

बीबी : नाही.

मिर्झा : एखादी आकस्मिक?

बीबी : पाहणी करणाऱ्याला हात शिवशिवतात, आणि चकत्यांचा लगदा होतो. सांगून ठेवते, तुमच्या लेकाला तुमचीच सवय आहे.

(अर्धा तास जातो. तो मिर्झाने कसा काढला, हे येथे देत नाही. झाकण निघते, कडेने तांबूस तेल तरंगून आलेले.)

मिर्झा : (उठून उभा राहत) वसूल! प्यालेले परत आले! बीबीजान, मी जन्मभर वसुलीच्या नोटिसा काढल्या, मुचलके लिहून घेतले, जप्तीचे हुकूम बजावले. पण ज्याने खाल्ले त्याला मंद आचेवर झाकून अर्धा तास एकटे सोडले, तर तो आपण होऊन रक्कम भरतो, हे कोणत्याही नियमावलीत मला आढळले नाही. पळीने काढा. मोजू या.

बीबी : एक, दोन, अडीच पळ्या.

मिर्झा : जमेस सोळा होत्या! कढईत शिल्लक अकरा, वसूल अडीच. अडीच पळ्यांचा पत्ता नाही.

बीबी : त्या चवीत गेल्या.

मिर्झा : "चव" या नावाचे खाते नाही.

बीबी : उघडा. (चक्क्याचे भांडे पुढे ओढते.) लिहा. दही रात्री फडक्यात बांधून टांगायचे. सकाळी चक्का घेऊन, मिठाबरोबर बारीक खललेली लसूण त्यात घोटायची. चार पाकळ्या.

मिर्झा : चार? मुलगा वर्गात बसतो, बीबीजान. इतर विद्यार्थ्यांचे काही हक्क आहेत. (खोडतो.) दोन. टांगण्याचे कलम तर अनावश्यकच. तिथे डेअरीत चक्का तयार मिळतो म्हणाला.

बीबी : तयार? मग त्या लोकांना आपली चव कळते म्हणायची.

मिर्झा : ते त्यात साखर घालतात.

बीबी : (खलबत्ता थांबतो) चक्क्यात?

मिर्झा : बरोबरीने. शिवाय वेलची, केशर. आणि तळलेल्या पुऱ्यांबरोबर खातात.

बीबी : आजारी माणसाला देतात का?

मिर्झा : सणाला करतात. आनंदाच्या प्रसंगी, बुद्धिपुरस्सर. आपल्या मुलाच्या घरमालकीण काकूंनी तो चक्क्यात लसूण कालवताना पाहिला, आणि त्यांनीही हेच विचारले : बाळ, तुला बरे नाही का?

बीबी : बिचाऱ्या. चांगल्या दिसतात मनाने. मोठ्या अक्षरांत लिहा, डबा नीट वाचून घे. साखर पडलेला आणशील तर वांगी फुकट. आणि चक्का तापवायचा नाही, तापला की फाटतो. गरम वांगे, गार चक्का. हिवाळ्यात दही नसले तर वाळवलेल्या दह्याचे कुरूत भिजवून घोळायचे, पण ते तिथे कुठले मिळायला.

मिर्झा : "गरम वांगे, गार चक्का." मांडणी?

बीबी : निम्मा चक्का ताटात पसरायचा. त्यावर चकत्या अख्ख्या उचलून, न मोडता. वर उरलेला चक्का, त्यावर पातेल्यातला रस, आणि वाळवलेला पुदिना तळव्यावर चोळून.

मिर्झा : पुदिना किती?

बीबी : वास येईपर्यंत.

मिर्झा : कोणाला?

बीबी : शेजाऱ्यांना. आता ती फळी खाली ठेवा; नान गार होतो आहे.

मिर्झा : क्षणभर. "येणेप्रमाणे कलमे असून, जबानी देणारीस वाचून दाखवली, तिने कबूल केली." मोहोर. (शिक्का उठवतो, फळी बाजूला ठेवतो, आफ्ताब्याच्या धारेखाली हात धुतो, नानाचा तुकडा मोडून त्याने एक चकती चक्क्यासकट उचलतो. काही वेळ जमाखर्च बंद राहतो. तिसऱ्या तुकड्यापाशी) बीबीजान, यात लसूण किती आहे?

बीबी : चार पाकळ्या.

मिर्झा : कागदावर दोन आहेत.

बीबी : तुम्हीच खोडलेत.

मिर्झा : आता मोहोर उठली. खाडाखोड करता येत नाही. पुरवणी जोडावी लागेल, तीत कारणे द्यावी लागतील, आणि जेवताना लेखन करू नये असा मीच कचेरीत दंडक घातला होता. (ताटाकडे पाहत) त्या कडेच्या दोन चकत्या कोणाच्या नावे आहेत?